चावी घेण्याआधी: घराच्या इन्स्पेक्शनबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की घर घेण्याआधी ते तपासून घेण्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, आणि खरंच खूप पत्रं आली. मी सिव्हिल इंजिनियर, बरीच वर्षं साइटवर काढली आणि आता घर घेणाऱ्यांच्या बाजूने फ्लॅट तपासून द्यायचं काम करते. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही म्हणून पाच प्रश्न निवडलेत, त्यात बाकीच्यांचेही बरेचसे येऊन जातील.

प्रश्न: वाकडला सातव्या मजल्यावर नवा टूबीएचके घेतलाय. बिल्डरचा ईमेल आलाय की ओसी (राहायला परवानगी असल्याचा दाखला) मिळालं, येऊन फ्लॅट बघा, काय दुरुस्त्या असतील त्या लिहून द्या, उरलेला हप्ता भरा आणि पझेशन घ्या. माझा मित्र म्हणतो प्रोफेशनल इन्स्पेक्शन करून घे, बाबा म्हणतात कोऱ्या घरात काय तपासायचं, उगाच खर्च. हा माणूस नक्की करतो काय आणि आम्ही काय अपेक्षा ठेवायची? (वाकड, पुणे)

उत्तर: बाबांना सांगा की कोरं घर म्हणजे कुणी न वापरलेलं घर. त्या बाथरूममध्ये अजून एकदाही कुणी बादलीभर पाण्याने आंघोळ केलेली नाही, त्या खिडकीवर कुणी राहत असताना पावसाळा गेलेला नाही, गीझर आणि एसी एकदम चालू करून कुणी बघितलेलं नाही. जुन्या घरात दोष निदान दिसायला लागलेले असतात, नव्या घरात ते रंगाखाली गप्प बसलेले असतात.

साधारण टूबीएचकेला दोन माणसांना तीन-चार तास लागतात. कोणी पाऊण तासात उरकतो म्हणाला तर तो फक्त रंग आणि दारं बघणार हे समजून जा. जाताना ॲग्रीमेंटची कॉपी, फ्लॅटचा प्लॅन आणि ॲग्रीमेंटला जोडलेली स्पेसिफिकेशनची यादी घेऊन जा. नळ कुठल्या कंपनीचे, टाइल किती बाय कितीची, खिडकीचं सेक्शन कुठलं हे त्यात लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात लावलेलं कधीकधी वेगळंच असतं.

मी पहिल्यांदा कार्पेट, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, मोजते. रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, त्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइप जातात ती पोकळी), बाल्कनी आणि ओपन टेरेस धरत नाहीत. लोक बाल्कनीसकट टेप लावतात आणि बरोबर आहे म्हणून खूश होतात, तसं करू नका. महाराष्ट्रातल्या मॉडेल ॲग्रीमेंटमध्ये ३ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, क्षेत्र त्याहून जास्त कमी भरलं तर जास्तीचे पैसे बिल्डरने ४५ दिवसांत व्याजासकट परत करायचे असतात. हे माहीत नसल्यामुळे लोक भांडतही नाहीत.

मग पाणी. माझ्या मते निम्म्याहून जास्त डोकेदुखी पाण्याचीच असते, म्हणून मी यावर सगळ्यात जास्त वेळ घालवते. बाथरूमची नहाणी (पाणी जायची जाळी) बंद करून पाणी साठवायचं, निदान २४ तास ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटच्या बाथरूमचं सिलिंग बघायचं. बिल्डरचा साइट सुपरवायझर म्हणेल की आमचं पाँडिंग (असं पाणी साठवून बघणं) झालंय, तर त्याला सांगा की झालं असेल, टाइल बसवण्याआधी झालं असेल, आम्हाला आत्ता परत करायचंय. नंतर पाणी सोडून द्यायचं आणि बघायचं की ते नहाणीकडेच जातंय का कोपऱ्यात डबकं करून बसतंय. स्लोप उलटा असेल तर रोज वायपरने पाणी ओढत बसाल, आणि तो नंतर दुरुस्त करायचा म्हणजे अख्खी टाइल फोडायची, वॉटरप्रूफिंग परत करायचं, म्हणून हे पझेशनच्या आधीच पकडलं पाहिजे. किचनचा ओटा सिंककडे उतरता हवा. ड्राय बाल्कनी नीट बघा, तिथे वॉशिंग मशीनचा आउटलेट असतो आणि बऱ्याचदा त्या कोपऱ्यात वॉटरप्रूफिंग केलेलंच नसतं. माझ्या स्वतःच्या पहिल्या घरात शेजारच्या ड्राय बाल्कनीतून येणारी ओल बेडरूमच्या भिंतीत तीन वर्षं मुरत होती, आईला दमा होता, तो त्रास मी जवळून बघितलाय, म्हणून हे इतकं पोटतिडकीने लिहितेय.

खिडक्यांवर बाहेरून पाण्याचा फवारा मारून बघता आला तर उत्तमच. ते नाही जमलं तर निदान खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायची भोकं आहेत का, ती सिमेंटने बुजलीत का, सिलिकॉन सलग मारलंय का आणि दगडी सिलचा उतार बाहेरच्या बाजूला आहे का, एवढं बघाच. पुण्यात पाऊस पश्चिमेकडून तिरपा येतो, त्या बाजूच्या खिडक्या आधी.

इलेक्ट्रिकचं काम इन्स्पेक्टर छोट्या टेस्टरने करतो. प्रत्येक सॉकेटमध्ये तो लावून अर्थिंग आहे का, फेज-न्यूट्रल उलटसुलट झालंय का हे कळतं. डीबी म्हणजे घराचा मुख्य इलेक्ट्रिक बॉक्स, त्यातलं आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबल्यावर ते लगेच ट्रिप व्हायला हवं, घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचं असावं. आणखी एक बघायचं, वायर बारीक आणि एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) मोठा असं तर नाही ना. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी असेल तर वायर जळेपर्यंत तो एमसीबी पडणार नाही.

आता काय अपेक्षा ठेवू नका तेही सांगते. इन्स्पेक्टर भिंत फोडत नाही, त्यामुळे आतला पाइप त्याला दिसत नाही. थर्मल कॅमेऱ्यात पाणी दिसत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान दिसतं, थंड दिसलेल्या जागी ओलीचं मीटर लावून खात्री करावी लागते. कॅमेऱ्याचे रंगीत फोटो दाखवून घाबरवणारे लोक आहेत, त्यांना विचारा की मीटरचं रीडिंग किती आलं. आणि टायटल (मालकी हक्क), कर्ज, बिल्डिंगचे मंजूर नकाशे हे वकिलाचं काम आहे, इन्स्पेक्टरचं नाही.

शेवटी हातात काय यायला हवं? प्रत्येक दोषाचा फोटो, तो कुठल्या खोलीत कुठल्या भिंतीला आहे, किती गंभीर आहे आणि काय केलं म्हणजे तो दुरुस्त झाला असं धरायचं, एवढं असलेला रिपोर्ट. तो बिल्डरला ईमेलने पाठवा, व्हॉट्सॲपवर नाही. दुरुस्तीनंतर परत येऊन बघणं फीमध्ये धरलंय का हे आधीच विचारून घ्या, नाहीतर तिथे वाद होतो. पझेशन लेटरवर 'फ्लॅट समाधानकारक स्थितीत मिळाला' असं छापलेलं असतं, त्यावर सही करताना उरलेल्या कामांची यादी त्याच कागदाला जोडून दोघांच्या सह्या घ्या. ओसी आल्यापासून दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असं रेरात आहे, म्हणून ईमेल आल्याबरोबर तारीख ठरवा. आणि ताबा घेतल्यावरही पझेशनच्या तारखेपासून ५ वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचे असतात, कळवल्यापासून ३० दिवसांत. हे रेराचं १४(३) कलम आहे, पाठ करून ठेवा. फक्त तुम्ही स्वतः इंटिरिअरवाल्याकडून बाथरूम फोडून घेतलंत तर त्या बाथरूमसाठी बिल्डर हात वर करणार, ॲग्रीमेंटमध्ये बहुतेक तसं लिहिलेलंच असतं.

आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी बाबांना घेऊन जा. सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते त्या माणसाच्या मागे मागे फिरून, रिपोर्ट वाचून नाही.

प्रश्न: डोंबिवलीत १९८८ च्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके बघितलाय, बजेटमध्ये बसतोय, स्टेशन जवळ. मालकांनी नुकताच रंग काढलाय, हॉलमध्ये नवं पीओपी सिलिंग केलंय. इन्स्पेक्टर बोलावला तर तो म्हणाला मी फ्लॅट बघेन पण बिल्डिंगच्या पिलरबद्दल काही सांगणार नाही. मग त्याचा उपयोग काय? (डोंबिवली पूर्व)

उत्तर: ताई, तो माणूस प्रामाणिक आहे, त्यालाच धरून ठेवा. फ्लॅट बघणं आणि बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट ही दोन वेगळी कामं आहेत. ऑडिटमध्ये रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक टेस्ट, सळई गंजतेय का याचा अंदाज देणारी हाफ सेल टेस्ट, गरज पडली तर काँक्रीटचा कोअर काढून बघणं असं सगळं येतं. ते लायसन्स असलेला स्ट्रक्चरल इंजिनियर करतो आणि ते करून घ्यायची जबाबदारी सोसायटीची आहे. सोसायटीच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या बिल्डिंगचं ३ वर्षांतून एकदा ऑडिट व्हायला हवं. तुमची बिल्डिंग कधीच तीस ओलांडून गेली. तेव्हा टोकन द्यायच्या आधी सेक्रेटरींकडे जाऊन सरळ विचारा की काका, शेवटचं ऑडिट कधी झालं, रिपोर्ट बघायला मिळेल का आणि त्यात बिल्डिंग कुठल्या कॅटेगरीत आलीय.

कॅटेगरी म्हणजे सी वन असेल तर बिल्डिंग धोकादायक, खाली करून पाडायची. सी टू ए म्हणजे खाली करून मोठी दुरुस्ती, सी टू बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी थ्री म्हणजे किरकोळ. सी टू बी आली म्हणून लगेच पळून जायचं कारण नाही, पण दुरुस्तीचा खर्च फ्लॅटमागे किती येणार आणि तो विकणारा देणार का तुम्ही, हे भाव ठरवतानाच बोललं पाहिजे. ऑडिट झालंच नाही असं उत्तर मिळालं तर ती मला सगळ्यात वाईट खूण वाटते, कारण मग बिल्डिंगबद्दल कुणालाच काही माहीत नाही.

आता तुमचा फ्लॅट. नवा रंग आणि नवं सिलिंग एकाच वेळी, तेही विकायच्या आधी, म्हणजे माझी पहिली नजर त्या सिलिंगच्या वर जाते. लाइटचा एक फिटिंग काढायला सांगा आणि त्या भोकातून मोबाइलचा टॉर्च मारून स्लॅब बघा. स्लॅबचं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) सुटून सळया दिसत असतील, तपकिरी ओघळ असतील किंवा बीमच्या खालच्या बाजूने सळईच्या रेषेत लांबच लांब चीर गेली असेल तर सळई गंजून फुगलीय. गंजलेली सळई आधीपेक्षा जास्त जागा मागते आणि काँक्रीट फोडते, त्यावर पुट्टी मारून काही होत नाही. उलट प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतात त्या फक्त प्लास्टर वाळताना पडतात, त्याला घाबरू नका. पिलर आणि विटांची भिंत मिळते तिथली उभी चीर पण सहसा साधी असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर जाणारी असेल तर इन्स्पेक्टरला तिथे थांबवून नीट विचारा.

वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा. तुमच्या हॉलच्या किंवा बेडरूमच्या वर त्यांनी बाथरूम हलवलंय का हे विचारायला लाज वाटून घेऊ नका. वॉचमनला विचारा पावसात जिन्यात कुठे गळतं. आणि बाथरूममध्ये गॅस गीझर लावलेला असेल तर तो राहायला जायच्या आधी काढून टाका, हवा खेळती नसलेल्या बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं गेलेली आहेत, त्याला ना वास ना रंग.

प्रश्न: इन्स्पेक्टरने २३ टाइल पोकळ वाजतात म्हणून लिहिलंय, बिल्डर म्हणतो थोड्या पोकळ असतातच, हे नॉर्मल आहे. कोण बरोबर? (नाशिक)

उत्तर: दोघंही थोडे थोडे. टाइलच्या एका कोपऱ्यात जरासा पोकळ आवाज येणं आणि अख्खी टाइल डबडब वाजणं यात फरक आहे. पूर्ण पोकळ टाइलवर कपाटाचा पाय किंवा सिलिंडर आला की ती तडकते, दरवाज्यातली आणि किचनमधली तर नक्कीच. म्हणून नुसता आकडा घेऊन भांडू नका, खडूने खुणा करून ज्या पूर्ण वाजतात आणि ज्या वर्दळीच्या जागी आहेत त्या बदलून मागा, आणि त्याच बॅचच्या एक-दोन जास्तीच्या पेट्या घरात ठेवून घ्या कारण शेड नंतर मिळत नाही.

प्रश्न: मुंबईत राहतो, राजापूरजवळ एक जुनं कौलारू घर आणि थोडी वाडी घ्यायचा विचार आहे. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, साठ-सत्तर वर्षांचं असेल. तिथे कोण येणार इन्स्पेक्शनला? (दादर)

उत्तर: हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण अशी घरं लोक फोटो बघून घेतात आणि मग दोन पावसाळ्यांत थकतात. शहरातला लेझर-मीटरवाला माणूस तिथे अर्धाच उपयोगी, तुम्हाला गावातला जुना सुतार आणि एक चांगला गवंडी पाहिजे, दिवसाचे पैसे देऊन घेऊन जा. सुतार काय करेल तर आढं, तुळया आणि वासे हातोडीने वाजवत जाईल आणि पेचकस टोचत जाईल. वाळवी लाकूड आतून खाते, वरचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही, टोचल्यावर पेचकस आत गेला की कळतं. खास करून जिथे वासे भिंतीवर टेकतात ती टोकं आणि पडवीकडचे खांब जमिनीला लागतात तो भाग. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसल्या तर वाळवी चालू आहे.

चिरा पाणी पितो, हा त्याचा स्वभावच आहे, म्हणून जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत ओलीचे डाग असणारच. पण जुन्या मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यावर कोणी मधेच सिमेंटचं प्लास्टर केलं असेल तर ओल बाहेर पडत नाही आणि वर वर चढत जाते, ते बघा. घराच्या मागची बाजू डोंगराला लागून असेल तर तिकडचं पाणी कुठून वाहून जातं ते जुलैमध्ये जाऊन बघा, आणि विहिरीला पाणी किती राहतं ते मे महिन्यात. दोनदा जायला लागलं तरी चालेल. एकदाच जमणार असेल तर जुलै, कारण कौलं, पागोळ्या, अंगण सगळं एका दिवसात कळतं, आणि मेमधल्या विहिरीबद्दल शेजारची आजी खरं सांगेल.

वाडीची जमीन शेतीची असेल तर महाराष्ट्रात ती घ्यायला आधीच शेतकरी असावं लागतं, त्यासाठी सातबारा घेऊन वकिलाकडे आधी जा, सुताराकडे नंतर.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला पहिलं घर घेतोय, १९६४ चं आहे. ऑफर ॲक्सेप्ट झालीय. रिअल्टर (एजंट) म्हणते इन्स्पेक्शन वेव्ह केलं असतं, म्हणजे तो हक्क सोडून दिला असता, तर अजून चांगलं झालं असतं. इथला आणि तिकडचा फरक काय, आणि ६० पानांचा रिपोर्ट येतो म्हणतात त्याचं काय करायचं? (एडिसन)

उत्तर: वेव्ह केलं नाहीत हे फार चांगलं केलंत. सगळ्यात मोठा फरक हा की तुमच्याकडे होम इन्स्पेक्टरला राज्याचं लायसन्स लागतं, आपल्याकडे असं कुठलंही सरकारी लायसन्स नाही, कुणीही कार्ड छापू शकतो. म्हणून इकडच्या वाचकांनी डिग्री, साइटचा अनुभव आणि जुना नमुना रिपोर्ट मागावा, आणि जो माणूस दोष दाखवतो तोच वॉटरप्रूफिंगचं कोटेशन देत असेल तर त्याच्यापासून लांब राहावं. दुसरा फरक म्हणजे तिकडे इन्स्पेक्शन करारातच असतं, ठरलेल्या दिवसांत दोष कळवून दुरुस्ती किंवा पैसे मागता येतात, कराराप्रमाणे बाहेरही पडता येतं. न्यू जर्सीत सुरुवातीला वकिलाने करार बघायचे ३ कामाचे दिवस मिळतात, त्यातच वकिलाकडून इन्स्पेक्शनचं कलम नीट लिहून घ्या.

साठ पानांना घाबरू नका. त्यातली पन्नास पानं दाराची बिजागरी, सैल रेलिंग, छपराच्या पन्हळीतली झाडाची पानं असली असतात आणि ती प्रत्येक घरात असतात. घर पास झालं की नापास असं तो माणूस सांगणार नाही, ते त्याचं काम नाही, त्याला फोनवर एवढंच विचारा की मोठ्या खर्चाच्या तीन-चार गोष्टी कुठल्या. छप्पर, फाउंडेशन, इलेक्ट्रिक पॅनल, हीटिंग, सीवर (सांडपाण्याची) लाइन, यातलं काही असेल त्यावर घासाघीस करा, बाकी सोडून द्या, नाहीतर विकणारा चिडून सगळ्यालाच नाही म्हणतो.

नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये जे येत नाही ते मात्र वेगळं सांगून करून घ्या. १९६४ चं घर म्हणजे हीटिंग ऑइलची टाकी अंगणात पुरलेली असू शकते, ती गळलेली निघाली तर माती साफ करायचा खर्च फार मोठा येतो, त्यामुळे टँक स्वीप, म्हणजे पुरलेल्या टाकीचा शोध, कराच. सीवरच्या पाइपमध्ये कॅमेरा घालून बघा, जुन्या मातीच्या पाइपमध्ये झाडांची मुळं शिरतात. वाळवीचं इन्स्पेक्शन वेगळं असतं. १९७८ च्या आधीचं घर म्हणजे लेड पेंट (शिसं असलेला रंग) असण्याची शक्यता, घरात लहान मूल असेल तर खिडक्यांच्या चौकटी आधी बघा. आणि रेडॉन. हा जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी वायू आहे, बेसमेंटमध्ये साठतो, लिटरला ४ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) किंवा जास्त आला तर स्लॅबखाली पाइप आणि पंखा बसवून घ्यावा असं तिथली ईपीए ही पर्यावरणाची सरकारी संस्था सांगते, आणि तो विकणाऱ्याकडून बसवून घेता येतो. रेडॉन मोजायचं मशीन निदान ४८ तास ठेवावं लागतं आणि त्याच्या आधीचे १२ तास खिडक्या बंद लागतात, तुमचे दिवस मोजके आहेत तेव्हा इन्स्पेक्शन बुक करतानाच त्याची वेळ ठरवा आणि विकणाऱ्याला खिडक्यांचं आदल्या दिवशी कळवा.